कोलोनचा कार्निव्हल: पहिल्यांदा जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

जर्मनीत आखेन, बॉन, ड्युसेलडोर्फ किंवा कोलोन येथे शिकायला आलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या पहिल्याच हिवाळ्यात एक गुरुवार असा उजाडतो की, सकाळी ट्राममध्ये शेजारच्या बाकावर मधमाशी, समोर खलाशी आणि दाराशी पिसांची टोपी घातलेले सत्तरीचे आजोबा असतात आणि साध्या कपड्यांत आपण एकटेच असतो. ऱ्हाइनकाठचा हा कार्निव्हल कडेला उभे राहून पाहण्याचा सोहळा नाही. वेश करून त्यात उतरले तरच तो कळतो आणि त्यासाठी थोडी तयारी करावी लागते. कोलोनमध्ये शिकत असताना मी तीन वर्षे हा उत्सव अनुभवला. त्या अनुभवातून कोणत्या दिवशी कुठे जावे, काय घालावे, काय टाळावे आणि काय खावे, हे येथे क्रमाने मांडत आहे.

पहिली पायरी: तारखा आणि परीक्षा

कार्निव्हलचा हंगाम ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी सुरू होतो, कारण अकरा हा तिकडे ‘येक’ म्हणजे खुळ्या लोकांचा आकडा मानला जातो आणि कार्निव्हल साजरा करणारा प्रत्येक जण स्वतःला अभिमानाने येक म्हणवून घेतो. त्या दिवसानंतर नाताळ संपेपर्यंत सारे शांत असते. खरा रस्त्यावरचा कार्निव्हल फेब्रुवारीत किंवा मार्चच्या आरंभी सहा दिवस चालतो: गुरुवारी ‘वायबरफास्टनाख्ट’ म्हणजे बायकांचा दिवस, सोमवारी ‘रोझेनमोन्टाग’ची महामिरवणूक आणि मंगळवारी रात्री समाप्ती. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार येतो आणि ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. श्रावण लागण्याआधी आपल्याकडे गटारीला जे चालते त्यामागची कल्पना आणि ही कल्पना एकच आहे: संयमाचे दिवस दाराशी आले आहेत, तेव्हा त्याआधी मनसोक्त खाऊन-पिऊन घ्यावे. पणजीचा किंग मोमो, म्हणजे गोव्याच्या कार्निव्हलचा राजा, याच दिवसांतल्या शनिवारी राज्य हाती घेतो आणि मंगळवारी ते सोडतो, कारण गोव्याचा कार्निव्हल आणि कोलोनचा कार्निव्हल एकाच ख्रिस्ती दिनदर्शिकेवर चालतात.

ईस्टर दरवर्षी सरकतो, म्हणून या तारखाही सरकतात. ईस्टरच्या रविवारातून ४८ दिवस वजा केले की रोझेनमोन्टाग मिळतो. २०२७ मध्ये वायबरफास्टनाख्ट ४ फेब्रुवारीला आणि रोझेनमोन्टाग ८ फेब्रुवारीला आहे. २०२८ मध्ये त्याच तारखा २४ आणि २८ फेब्रुवारी अशा येतात. या काळात हिवाळी सत्राच्या परीक्षा चालू असतात, म्हणून परीक्षेचे वेळापत्रक हाती आल्याबरोबर दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. कोलोनमध्ये सोमवारी विद्यापीठ आणि बहुतेक कार्यालये बंद असतात, मात्र ती कायद्याने दिलेली सार्वजनिक सुट्टी नव्हे. त्यामुळे अर्धवेळ नोकरी करणाऱ्याने त्या दिवसाची रजा आधी विचारून घ्यावी आणि मंगळवारी सकाळची परीक्षा असल्यास रविवारवरच समाधान मानावे. शहराच्या मध्यभागातील अनेक दुकाने गुरुवारी लवकर बंद होतात आणि सोमवारी उघडतच नाहीत, तेव्हा दूध, ब्रेड आणि भाजी बुधवारीच भरून ठेवावी.

दुसरी पायरी: कोणता दिवस निवडावा

नवीन विद्यार्थ्याला वर्गमित्र बहुतेक वेळा ११ नोव्हेंबरला किंवा गुरुवारी विद्यापीठाजवळच्या त्स्युल्पिशर श्ट्रासे या रस्त्यावर नेतात, कारण तरुणांची सगळ्यात मोठी गर्दी तिथे असते. पहिल्याच वेळी तिथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळीच तो भाग कठड्यांनी बंदिस्त होतो, भरला की प्रवेश थांबतो, उरलेले लोक विद्यापीठाच्या मैदानाकडे वळवले जातात आणि दुपारपर्यंत तिथे मिरवणूक नसते, वाद्ये नसतात, फक्त दारू आणि रेटारेटी असते. अनेक परदेशी विद्यार्थी तेवढेच पाहून परततात आणि कार्निव्हल म्हणजे हाच गोंधळ असा त्यांचा कायमचा ग्रह होतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

गुरुवारी जायचेच असेल तर जुन्या शहरातील आल्टर मार्क्ट चौकात ११ वाजून ११ मिनिटांनी होणारे उद्घाटन पाहावे. कार्निव्हलचे ‘त्रिकूट’ म्हणजे राजपुत्र, शेतकरी आणि कुमारी तिथे व्यासपीठावर येते आणि कुमारीची भूमिका परंपरेने पुरुषच करतो. त्या दिवशी राज्य बायकांचे असते. त्या कात्री घेऊन फिरतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय अर्ध्यातून कापतात, तेव्हा चांगला टाय घालून बाहेर पडू नये. जुना घातला असेल तर तो हसत पुढे करावा.

शुक्रवार विश्रांतीचा मानायला हरकत नाही. शनिवारी संध्याकाळी भुतांची मिरवणूक निघते. १९९१ मध्ये आखाती युद्धामुळे रोझेनमोन्टागची मिरवणूक रद्द झाली, तेव्हा युद्धविरोधी लोक रस्त्यावर उतरले आणि त्यातून ही मिरवणूक पुन्हा सुरू झाली. तिच्यात चित्ररथ नसतात, मिठाई उधळली जात नाही आणि कोणीही वेश करून सामील होऊ शकतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र रविवारी जावे. त्या दिवशी ‘शूल उन फेडेल्सत्स्योश’ निघतात, म्हणजे शाळांच्या आणि वस्त्यांच्या मिरवणुका. फेडेल म्हणजे वस्ती, आपल्या भाषेत आळी. एखादी शाळा संपूर्ण ऑक्टोपस होऊन येते, एखाद्या आळीतील चाळीस माणसे एकाच रंगाच्या पेन्सिली होतात, हातगाड्या घरी रंगवलेल्या असतात आणि पोशाख स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिवलेले असतात. उत्तम ठरलेल्या गटांना दुसऱ्या दिवशीच्या महामिरवणुकीत मान मिळतो. गर्दी सोमवारपेक्षा बरीच कमी असते, कडेला आजी-आजोबा आणि मुले असतात आणि अनोळखी माणसाशी बोलायला लोकांना फुरसत असते.

सोमवारची मिरवणूक मोठी आणि झगमगाटाची असते. १८२३ मध्ये, प्रशियाच्या राजवटीखाली, कोलोनच्या नागरिकांनी मंडळ स्थापून ती प्रथम काढली. ‘लाल फुंकन’ ही लाल-पांढऱ्या गणवेशातली पथके शहराच्या जुन्या सैनिकांची आणि लष्करी शिस्तीची टिंगल करतात, हे माहीत असले की त्यांची विचित्र कवायत समजते. २०२३ मध्ये दोनशे वर्षे पूर्ण झाली म्हणून मिरवणूक प्रथमच ऱ्हाइनच्या पलीकडे डॉयट्झमध्ये सुरू होऊन नदी ओलांडून आली. या मिरवणुकीला राजकारणाचे वावडे नाही: २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर त्याच आठवड्यात आलेल्या रोझेनमोन्टागला मिरवणुकीऐवजी शांततेचा मोर्चा निघाला आणि सुमारे अडीच लाख माणसे वेश करून त्यात चालली. मंगळवारी एहरेनफेल्ड आणि निपेस या भागांच्या स्वतःच्या मिरवणुका असतात. रविवार चुकला असेल तर त्या गाठाव्यात.

वादळी वारा असेल तर कार्यक्रम बदलतात. २०२० मध्ये रविवारची मिरवणूक वादळामुळे रद्द झाली होती, म्हणून निघण्यापूर्वी सकाळी हवामान आणि शहराची सूचना पाहून घ्यावी.

तिसरी पायरी: पोशाख

पोशाखाचा पहिला नियम थंडीचा आहे. फेब्रुवारीत कोलोनचे तापमान बऱ्याचदा पाच अंशांच्या आसपास असते आणि चार-पाच तास एका जागी उभे राहावे लागते. पहिल्या वर्षी मी पातळ कापडाचा तयार पोशाख घेतला, तासाभरात हुडहुडी भरली, वरून काळे जाकीट चढवले आणि पोशाख दिसेनासा झाला. तेव्हापासून मी एक गोष्ट पक्की केली: उबेचे कपडे आत घालावेत आणि पोशाख सर्वांत बाहेर असावा. म्हणजेच तो नेहमीच्या मापापेक्षा दोन मापे मोठा घ्यावा, त्याखाली थर्मल आणि स्वेटर मावला पाहिजे. बूट जुने, जाड तळाचे आणि पाण्याला दाद न देणारे असावेत, कारण संध्याकाळपर्यंत रस्ता चिकट होतो आणि त्यावर काचेचे तुकडे असू शकतात.

तयार पोशाखांची मोठी दुकाने कोलोनमध्ये आहेत आणि जानेवारीत ती तुडुंब भरतात, पण विद्यार्थ्याच्या खिशाला जुन्या कपड्यांची दुकाने आणि जुना बाजार अधिक परवडतो. माझ्या मते सर्वांत उत्तम पोशाख म्हणजे तिथला पारंपरिक ‘लापेनक्लाऊन’, म्हणजे चिंध्यांचा विदूषक: जुन्या कोटावर रंगीत कापडांचे शेकडो तुकडे शिवलेले असतात आणि चालताना ते सळसळतात. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला गोधडीच आठवली. दुसऱ्या वर्षी मी तसाच कोट केला. सुट्टीत घरून येताना आईकडून फाटक्या सुती साड्यांचे काठ, खणाचे उरलेले तुकडे आणि एका जुन्या इरकलीचा पदर आणला होता. रीत सोपी आहे. आठ-दहा युरोत मिळणारा जाड, मोठ्या मापाचा कोट घ्यावा; कापडाचे चार बोटे रुंद आणि वीतभर लांब तुकडे कापावेत; कोटाच्या खालच्या कडेपासून सुरुवात करून प्रत्येक तुकडा फक्त वरच्या बाजूने शिवावा आणि वरची ओळ खालच्या ओळीवर अर्धी येईल अशी चढत जावी, जशी छपरावर कौले बसवतात. मला सुमारे अडीचशे तुकडे आणि जानेवारीतील सहा संध्याकाळ लागल्या. बाह्या शेवटी घ्याव्यात आणि काखेत तुकडे लावू नयेत, ते हात उचलताना अडकतात.

त्या रविवारी कडेला उभ्या असलेल्या, तसाच कोट घातलेल्या एका वृद्ध बाईंनी माझ्या बाहीवरचा खणाचा तुकडा चिमटीत धरून उलटा केला, काठाची वीण डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि हे कापड कुठले, असे विचारले. मग त्यांनी स्वतःच्या कोटावरचे तुकडे एकेक करून दाखवले: हा आईच्या एप्रनचा, हा मुलाच्या पहिल्या पडद्याचा. आमचे बोलणे अर्धा तास चालले आणि तोपर्यंतच्या दीड वर्षात कोणाही स्थानिक माणसाशी माझे इतके बोलणे झाले नव्हते.

फेटा किंवा नऊवारी वेश म्हणून घालावी का, हा प्रश्न बरेच जण विचारतात. ती आपली आहे, घालायला कोणाची हरकत नाही. पण आपला सणाचा पोशाख इतरांच्या वेशांत मिसळला की लोक तोही सोंग समजतात आणि ते ज्याला रुचणार नाही त्याने तो दिवाळीसाठी राखून ठेवावा. दुसऱ्या समाजाची थट्टा होईल असा वेश करू नये आणि चेहरा काळा रंगवणे तर पूर्णपणे टाळावे.

चौथी पायरी: कायद्याच्या चार गोष्टी

खऱ्यासारखी दिसणारी खेळण्यातली बंदूक सार्वजनिक ठिकाणी बाळगणे जर्मनीत कायद्याने मना आहे आणि पोलीस ती जप्त करतात. उत्सवात चाकूलाही बंदी आहे. मावळ्याचा वेश करणाऱ्याने तलवार घरी ठेवावी किंवा ती पुठ्ठ्याची आणि उघड दिसेल अशी करावी. गर्दीच्या भागांत काचेच्या बाटल्यांना बंदी असते. उघड्यावर लघवी केल्यास दंड होतो, म्हणून जवळ सुटी नाणी ठेवावीत आणि स्थानक किंवा उपाहारगृहातील स्वच्छतागृह वापरावे.

आपल्याला विशेष जपावे लागते ते स्वस्तिकाबाबत. नाझी चिन्हांचे प्रदर्शन हा तिथे गुन्हा आहे. आपल्या ओढणीवर, पिशवीवर किंवा लग्नातल्या उपरण्यावर स्वस्तिक छापलेले असेल तर आपल्या मनात मांगल्याशिवाय काही नसते, पण गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला ते कळणार नाही आणि पोलिसांना अर्थ समजावत बसण्याची वेळ येईल. कापड निवडतानाच ते पाहून घ्यावे.

दारू पिऊन भाड्याची ई-स्कूटर चालवू नये: तिला मोटारीचेच नियम लागू होतात आणि नव्या परवानाधारकांसाठी मर्यादा शून्य आहे.

पाचवी पायरी: सोबत काय, कसे जावे

पासपोर्ट आणि निवास परवान्याचे कार्ड खोलीवर सुरक्षित ठेवून त्यांच्या प्रती जवळ घ्याव्यात, कारण गर्दीत कार्ड हरवले तर नवीन मिळवायला महिने जातात. विद्यार्थी ओळखपत्र, आरोग्य विम्याचे कार्ड, थोडी रोख रक्कम आणि एक बँक कार्ड आतल्या खिशात, चेन लावून ठेवावे. कापडी पिशवी मात्र मोठी घ्यावी. तिचे काम पुढे येईल. रस्ते बंद असतात आणि ट्रामचे मार्ग बदलतात, म्हणून मध्यवर्ती स्थानकापर्यंत न जाता दोन-तीन थांबे आधी उतरून चालत जाणे सोयीचे पडते. मित्र हरवले तर भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवावी, कारण इतक्या गर्दीत फोनची जोडणी मिळेलच असे नाही. कॅथेड्रलचा चौक ही जागा ठरवू नये, कारण सगळे तीच ठरवतात.

सहावी पायरी: मिरवणुकीत

मिरवणूक येण्यापूर्वी एक तास जागा धरावी. रस्त्याच्या सुरुवातीकडचा भाग, म्हणजे दक्षिणेकडील झ्युडश्टाट, मला शेवटच्या भागापेक्षा आवडतो, कारण तिथे लोक ताजेतवाने असतात आणि पिशव्याही भरलेल्या असतात. दुरून ढोल ऐकू आले की ‘डर त्सोख क्युट’ अशी आरोळी उठते: मिरवणूक आली! चित्ररथ जवळ आला की ‘कामेले’ असे ओरडावे, म्हणजे चॉकलेटे आणि गोळ्या उडतात. ‘श्ट्र्युस्ये’ म्हटले तर फुलांचा छोटा गुच्छ मिळतो आणि तो बहुधा नजरेला नजर देऊन हातात दिला जातो. कोलोनचा जयघोष ‘क्योले आलाफ’ असा आहे. ‘हेलाउ’ हा ड्युसेलडोर्फचा जयघोष आहे, तो इथे चुकूनही देऊ नये, कारण या दोन शहरांची चुरस जुनी आहे आणि लोक ती मनापासून जपतात.

काही जण छत्री उलटी धरून मिठाई झेलतात, पण मागच्यांना दिसत नाही, म्हणून मी पिशवीच वापरतो. चित्ररथाच्या चाकाजवळ पडलेल्या गोळीसाठी कधीही वाकू नये. चाकांशेजारी चालणारे स्वयंसेवक हात आडवा करतात तेव्हा लगेच मागे सरावे. जवळ लहान मूल असेल तर आपल्या हाती आलेले त्याला द्यावे.

शाकाहारी विद्यार्थ्याने घरी आल्यावर पिशवी उपसून वेगळे करावे: मऊ, रबरासारख्या फळगोळ्यांमध्ये बहुधा जिलेटिन असते आणि ते जनावरांपासून, बऱ्याचदा डुकरापासून, बनते. चॉकलेटे, वेफर आणि साध्या साखरेच्या गोळ्यांवर सहसा अडचण येत नाही, तरी वेष्टन वाचावे.

सातवी पायरी: खाणे आणि पिणे

बेकरीत त्या दिवसांत ‘मुत्सेनमांडेल्न’ मिळतात. पिठाचे बदामाच्या आकाराचे तुकडे तळून वर पिठीसाखर भुरभुरलेली असते आणि कागदी पुडीत ते गरमागरम हाती पडले की शंकरपाळ्यांची आठवण येते, फक्त आतून थोडे मऊ. बटाट्याच्या किसाचे तळलेले ‘रायबेकुखेन’ सफरचंदाच्या गरासोबत खातात. ‘हाल्वर हान’ या नावाचा अर्थ अर्धा कोंबडा असा असला तरी ताटात येतो तो राय पिठाचा पाव, चीजचा जाड काप, कांदा आणि मोहरी, तेव्हा शाकाहाऱ्याने तो निर्धास्त मागवावा. ‘कोलोनचे कॅव्हियार’ हे मात्र रक्ताचे सॉसेज असते.

स्थानिक बिअर ‘क्योल्श’ ०.२ लिटरच्या उंच, बारीक पेल्यात येते. ‘क्योबेस’ नावाने ओळखले जाणारे वाढपी पेला रिकामा दिसला की न विचारता दुसरा ठेवतात आणि खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने रेघ मारतात. पुरे झाले की तीच चकती पेल्यावर झाकायची. न पिणाऱ्याने सफरचंदाच्या रसात सोडा घातलेले ‘आप्फेलशोर्ले’ मागावे, कोणी आग्रह करत नाही. आपला पेला नजरेआड सोडून जाऊ नये. रिकाम्या बाटल्या आणि डब्यांना परताव्याचे पैसे मिळतात आणि ते गोळा करून जगणारी माणसे गर्दीत असतात, म्हणून बाटली कचऱ्यात न टाकता पेटीशेजारी उभी ठेवावी.

आठवी पायरी: स्पर्श, संमती आणि मदत

‘ब्युत्स्ये’ म्हणजे गालावरचे हलके चुंबन हा तिथला रिवाज आहे, पण तो मागायचा असतो, घ्यायचा नसतो. नको असेल तर हात पुढे करून मान हलवली की समजदार माणूस थांबतो, आणि जो थांबत नाही त्याला मोठ्याने ‘नाइन’ म्हणावे. शेजाऱ्याच्या दंडात दंड अडकवून डोलण्याला ‘शुंकेल्न’ म्हणतात. गाण्याच्या वेळी शेजारी आपला दंड धरतो तेव्हा त्यात वेगळा अर्थ शोधू नये. आपल्या मुलांनाही एक स्पष्ट सांगणे आहे: वेश केलेली मुलगी हसून बोलली म्हणजे तिने परवानगी दिली असे होत नाही. त्रास झाल्यास कोलोनमधील ‘एडेलगार्ड’ या उपक्रमाची खूण असलेल्या दुकानात किंवा उपाहारगृहात शिरावे, तिथे आसरा आणि मदत मिळते. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११२ हे क्रमांक आहेत. बेशुद्ध झालेल्या मित्राला झोपू देण्यासाठी खोलीवर नेऊ नये, त्याला कुशीवर वळवून ११२ ला फोन करावा.

शेवटची रात्र

मंगळवारी रात्री एखाद्या वस्तीतल्या छोट्या दारूगुत्त्यासमोर जावे. गुरुवारपासून त्याच्या दारावर पेंढा भरलेला एक बाहुला टांगलेला असतो, त्याला ‘नुबेल’ म्हणतात. मध्यरात्रीच्या सुमारास त्याला तिरडीवर घालून बाहेर आणतात, कोणीतरी पाद्र्याचा वेश करून कोलोनच्या बोलीत आरोपपत्र वाचतो: पगार कोणी उडवला, बायकोला कोणी फसवले, परीक्षेला कोण झोपून राहिला? प्रत्येक प्रश्नाला जमाव एका सुरात उत्तर देतो की नुबेलने. मग त्याला पेटवतात. शिमग्याला होळीभोवती बोंब मारणाऱ्या आपल्या माणसाला त्या जाळासमोर काहीही समजावून सांगावे लागत नाही. माझ्या शेजारी उभा असलेला कोकणातला एक मित्र नकळत तोंडावर हात नेऊन बोंबलला, आजूबाजूच्यांनी चमकून पाहिले आणि दुसऱ्या क्षणी तसाच हात तोंडावर नेऊन निम्मा रस्ता बोंबलू लागला.

आग विझल्यावर लोक पाणावलेल्या डोळ्यांनी घरी जातात. बुधवारी सकाळी झाडूवाल्या गाड्या रस्ता धुऊन काढतात, चर्चमध्ये कपाळावर राखेचा क्रूस काढला जातो आणि संध्याकाळी मासे खाल्ले जातात. कोट झटकून, वाळवून, सुटलेले तुकडे पुन्हा शिवून कपाटात टांगून ठेवावा, पुढच्या वर्षी त्यावर आणखी एक-दोन ओळी चढवता येतात.